सेन्सर वाय-फायवर आहे, तरी होम असिस्टंटला सापडत नाही: दोन नेटवर्कांमधील बिघाड कसा शोधावा

लक्षणे

ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ (वाय-फाय असलेल्या छोट्या चिप) वर उभारलेला सेन्सर राउटरच्या यादीत दिसतो, त्याला आयपी पत्ता मिळालेला असतो, मोबाइलवरून कधी कधी त्याचे वेब पानही उघडते, आणि तरीही होम असिस्टंटमध्ये (घरातील स्मार्ट उपकरणे एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याच्या नावापुढे ‘अनअव्हेलेबल’ हाच शब्द कायम राहतो. दोघे एकाच नेटवर्कवर होते तोवर सर्व सुरळीत चालू होते. स्मार्ट उपकरणांसाठी वेगळे व्हीलॅन (त्याच राउटर-स्विचवर वेगळे काढलेले आभासी नेटवर्क) केले, घरात दुसरा राउटर आला किंवा दोन जागा व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी बोगद्याने) जोडल्या आणि तेव्हापासून तक्रार सुरू झाली, अशीच बहुधा या बिघाडाची पूर्वपीठिका असते. हा बिघाड मी वारंवार दुरुस्त केला आहे. त्याची रूपे अनेक आहेत, आणि आपल्याकडचे रूप नेमके कोणते हे आधी ओळखल्यास पुढील निम्मी खटपट वाचते.

- होम असिस्टंट नवे उपकरण आपणहून दाखवत नाही. नावाने जोडू पाहिल्यास ते सापडत नाही, आकडी पत्ता दिल्यास मात्र जोडले जाते.
- सेन्सर वाय-फायला जोडलेला राहतो, पण दर १५ मिनिटांनी रीबूट होतो.
- मोजमापे येत असतात, तरी ईएसपीहोमच्या (या चिपसाठी फर्मवेअर, म्हणजे बोर्डमधला प्रोग्राम, बनवणाऱ्या प्रणालीच्या) डॅशबोर्डवर तोच सेन्सर ‘ऑफलाइन’ दिसतो.
- एमक्यूटीटीवरचा (मध्यस्थ सर्व्हरमार्फत छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीवरचा) सेन्सर जोडला जातो, काही सेकंदांत तुटतो आणि पुन्हा जोडला जातो; हे चक्र थांबत नाही.
- ब्रोकरवर, म्हणजे एमक्यूटीटीच्या त्या मध्यस्थ सर्व्हरवर, संदेश येताना दिसतात, पण होम असिस्टंटमध्ये त्या सेन्सरचे उपकरण तयारच होत नाही.
- बॅटरीवर चालणारा, झोपून उठणारा सेन्सर कधी नोंद देतो, कधी देत नाही.

पुढील तपासण्या सोप्या व बिनखर्चाच्या गोष्टींपासून अवघड गोष्टींकडे जातात आणि हा क्रम मोडू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फायरवॉलचे नियम बदलणे हे काम खूप काही केल्याचे समाधान देते. परंतु कारण कळण्याआधी बदललेला प्रत्येक नियम पुढच्या तपासणीचा निष्कर्ष गढूळ करतो.

आधी एक प्रश्न: संवाद कोण सुरू करतो?

या संपूर्ण विषयाची किल्ली माझ्या मते या एकाच प्रश्नात आहे. ईएसपीहोमच्या मूळ एपीआय (दोन प्रोग्रामांनी थेट बोलण्याची सोय) पद्धतीत फोन होम असिस्टंट लावतो आणि सेन्सर तो उचलतो. एमक्यूटीटी पद्धतीत फोन सेन्सर लावतो आणि ब्रोकर तो उचलतो. म्हणजे पहिल्या पद्धतीत होम असिस्टंटच्या नेटवर्ककडून सेन्सरच्या नेटवर्ककडे, टीसीपी पोर्ट (यंत्रावरचे क्रमांकित दार) ६०५३ वर, वाट मोकळी असावी लागते. दुसऱ्या पद्धतीत सेन्सरच्या नेटवर्ककडून ब्रोकरकडे, पोर्ट १८८३ वर किंवा एन्क्रिप्शन असल्यास सामान्यतः ८८८३ वर, वाट लागते. वाय-फायवरून फर्मवेअर चढवताना पुन्हा दिशा पहिलीच असते, पण पोर्ट निराळा असतो: ईएसपीहोममध्ये ईएसपी८२६६ साठी ८२६६ आणि ईएसपी३२ साठी ३२३२.

हे एकदा लक्षात आले की ‘एका सेन्सरची मोजमापे येतात, शेजारच्याची येत नाहीत’ यासारखी कोडी आपोआप सुटतात. पहिला एमक्यूटीटीवर आहे आणि दुसरा ईएसपीहोमच्या एपीआयवर, एवढाच फरक पुष्कळदा त्यामागे असतो. त्यामुळे तपासणीला बसण्यापूर्वी प्रत्येक सेन्सर कोणत्या पद्धतीचा आहे आणि होम असिस्टंट, ब्रोकर व सेन्सर यांचे पत्ते कोणते आहेत, हे कागदावर लिहून घ्यावे. या लेखापुरते असे धरू, की होम असिस्टंट व ब्रोकर १९२.१६८.१०.५ वर आहेत आणि सेन्सर १९२.१६८.२०.१५ वर.

वीज आणि वाय-फाय

नेटवर्कला दोष देण्यापूर्वी बोर्ड सतत चालू राहतो का, हे पाहावे. वाय-फायवर पाठवणी करताना या चिपना क्षणभर बराच प्रवाह लागतो, आणि बारीक तारांची यूएसबी केबल किंवा जुना चार्जर तेवढा प्रवाह देऊ शकला नाही तर व्होल्टेज खाली येऊन बोर्ड रीबूट होतो. ईएसपी३२ च्या सिरीयल लॉगमध्ये अशा वेळी ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ सुरू झाल्याची ओळ स्पष्ट दिसते. केबल आणि चार्जर बदलून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे, म्हणून ती पहिली.

त्यानंतर बँड आणि सिग्नल. ईएसपी८२६६ आणि मूळ ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. नवे नेटवर्क बनवताना ते केवळ ५ गिगाहर्ट्झवर ठेवले गेले असेल किंवा त्याची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवली असेल, तर जुने बोर्ड त्याला बहुधा जोडलेच जाणार नाहीत. स्मार्ट उपकरणांच्या नेटवर्कवर २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ ठेवावे. सिग्नलची पातळी उणे ८० डेसिबल-मिलिवॉटपेक्षा खाली असेल, तर पुढच्या कोणत्याही तपासणीच्या निकालावर विसंबू नये, कारण त्या पातळीला पॅकेट हरवणे ही नित्याची गोष्ट असते.

इथेच आणखी एक वेगळा दोष वगळून टाकावा. मूळ ईएसपी३२ मध्ये एडीसी२ गटाच्या पिना वाय-फाय चालू असताना ॲनालॉग मोजमापासाठी वापरता येत नाहीत. मातीचा ओलावा किंवा बॅटरीचे व्होल्टेज मोजणारी तार अशा पिनेवर असेल, तर नेटवर्क जोडताच आकडे बिघडतात आणि दोष नेटवर्कवर ढकलला जातो. तार ३२ ते ३९ यांपैकी उपलब्ध असलेल्या पिनेवर, म्हणजे एडीसी१ वर हलवली की प्रश्न संपतो.

दोघांना एका नेटवर्कवर आणून पाहणे

सेन्सरला तात्पुरते होम असिस्टंटच्याच वाय-फायवर जोडावे. ईएसपीहोममध्ये एकापेक्षा जास्त वाय-फाय नेटवर्कांची नावे आधीच नोंदवता येतात, त्यामुळे हे करणे अवघड नाही. एकाच नेटवर्कवर तो लगेच चालू झाला, तर बोर्ड, कोड, पासवर्ड आणि एन्क्रिप्शनची किल्ली या साऱ्या गोष्टी निर्दोष ठरतात आणि दोष दोन नेटवर्कांच्या मधल्या सीमेवर आहे हे निश्चित होते. एकाच नेटवर्कवरही तो चालत नसेल, तर या लेखातील फायरवॉलचा भाग वाचण्याची गरजच नाही. तिथे एपीआयची किल्ली जुळत नसणे किंवा ब्रोकरचा पासवर्ड चुकणे यांसारखी साधी कारणे शोधावीत. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती टाळणारे लोक पुढे अख्खी संध्याकाळ घालवतात.

नाव नको, आकडी पत्ता द्या

दुसऱ्या नेटवर्कवर गेल्यावर सर्वप्रथम जे तुटते ते नावाने शोधणे. ‘लोकल’ या प्रत्ययाने संपणारी नावे एमडीएनएस या व्यवस्थेतून सापडतात. तिच्यात विचारणारा यंत्रसमूहाला उद्देशून, २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर आणि यूडीपी पोर्ट ५३५३ वर प्रश्न टाकतो आणि ज्याचे ते नाव असेल तो उत्तर देतो. हा पत्ता एका नेटवर्कपुरताच राखून ठेवलेला आहे आणि राउटर तो प्रश्न पलीकडे पाठवत नाही. यात राउटरचा बिघाड नाही. व्यवस्थेची रचनाच तशी आहे. म्हणूनच फायरवॉलमध्ये सर्व काही मोकळे सोडूनही नाव सापडत नाही आणि माणूस गोंधळतो.

यावर स्वस्त आणि टिकाऊ उपाय असा, की राउटरमध्ये त्या सेन्सरच्या मॅक पत्त्यासाठी आयपी पत्ता राखून ठेवावा आणि होम असिस्टंटमध्ये उपकरण त्या आकडी पत्त्यानेच जोडावे. ईएसपीहोमच्या फाइलमध्ये ‘यूज ॲड्रेस’ या ओळीत तोच पत्ता दिला, की फर्मवेअर चढवताना आणि लॉग पाहताना डॅशबोर्डही तोच वापरतो. डॅशबोर्डवर ‘ऑफलाइन’ दिसण्यामागेही पुष्कळदा एमडीएनएसच असते. स्थिती पिंगने तपासण्याची सेटिंग चालू केली, की ही खूण खरी होते. मोजमापे येत असतील, तर केवळ त्या खुणेसाठी सेन्सर उघडून बसू नये.

घरात पाचपन्नास सेन्सर असतील आणि प्रत्येकाचा पत्ता हाताने देणे खरोखर जाचक असेल, तर राउटरवरील एमडीएनएस रिफ्लेक्टर किंवा लिनक्स यंत्रावरील अवाहीची त्याच कामाची सुविधा वापरता येते. ती एका नेटवर्कवरचे प्रश्न-उत्तर दुसऱ्यावर पुन्हा उच्चारते. माझे मत विचाराल तर मोजक्या सेन्सरसाठी ही भानगड करू नये: रिफ्लेक्टरमुळे उपकरण ‘सापडते’, पण पोर्ट ६०५३ ची वाट बंदच असते, आणि नाव दिसूनही जोडणी न होणे हा आधीपेक्षा अधिक फसवा बिघाड ठरतो. होम असिस्टंट डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या प्रणालीत) चालवत असाल, तर कंटेनरचे नेटवर्क ‘होस्ट’ प्रकारचे आहे का हेही पाहावे. ब्रिज प्रकारात मल्टिकास्ट कंटेनरपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे सेन्सर शेजारी असला तरी आपोआप सापडत नाही.

दर १५ मिनिटांनी रीबूट

ईएसपीहोममध्ये एपीआयला कोणीही जोडले गेले नाही, तर १५ मिनिटांनी बोर्ड स्वतःहून रीबूट होतो; ही मूळ सेटिंगच आहे. हेतू असा, की अडकलेले वाय-फाय रीबूटने मोकळे व्हावे. परंतु होम असिस्टंटची वाट फायरवॉलने अडवलेली असेल, तर सेन्सर दिवसभर हेच करत राहतो. लॉग पाहिला तर वाय-फाय जोडले गेल्याची ओळ येते, पत्ता मिळाल्याची ओळ येते, मोजमापे नियमाने छापली जातात, आणि पंधराव्या मिनिटाला, कोणतीही चूक नोंदवलेली नसताना, एपीआयकडे कोणीच फिरकले नाही अशा अर्थाची एक ओळ येऊन बोर्ड पुन्हा सुरू होतो. रिले किंवा पंप त्याच बोर्डवर असेल, तर तोही प्रत्येक वेळी बंद होतो.

सेन्सर पूर्णपणे एमक्यूटीटीवर चालवत असाल आणि फाइलमध्ये ‘एपीआय’चा भाग तसाच राहिला असेल, तरीही हेच घडते, कारण त्याला जोडणारे कोणीच नसते. तो भाग काढून टाकावा किंवा त्याची रीबूटची मुदत शून्य करावी. मात्र वाट अडवलेली असतानाच मुदत शून्य करून समाधान मानू नये. त्याने लक्षण झाकले जाते, कारण तसेच राहते.

पाहुण्यांचे नेटवर्क आणि दुसरा राउटर

पुष्कळ घरांत ‘वेगळे नेटवर्क’ म्हणजे राउटरमधले गेस्ट वाय-फाय असते. त्याचा उद्देशच असा आहे, की त्यावरील यंत्राला केवळ इंटरनेट मिळावे आणि घरातील इतर काहीही दिसू नये. अनेक राउटरवर या नेटवर्कसाठी अपवादाचा नियम लिहिण्याची सोयच नसते. तसे असेल तर तिथे वेळ घालवू नये. खरे व्हीलॅन करता येणारा राउटर घ्यावा किंवा सेन्सर मुख्य नेटवर्कवर परत आणावेत. साध्या वाय-फायवरही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाची सेटिंग चालू असू शकते आणि ती वाय-फायवरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाही. होम असिस्टंट केबलने जोडलेले असेल तर तिचा परिणाम कधी जाणवतो, कधी जाणवत नाही. म्हणून ती निश्चितपणे पाहून घ्यावी.

दुसरा राउटर पहिल्याच्या मागे लावलेला असेल आणि सेन्सर त्या दुसऱ्याच्या वाय-फायवर असतील, तर पत्त्यांचे रूपांतर, म्हणजे नॅट, मध्ये येते. आतून बाहेर जाणारा संवाद चालतो. बाहेरून आत येणारा चालत नाही. परिणामी एमक्यूटीटीचे सेन्सर चालतात आणि ईएसपीहोमचे चालत नाहीत. सर्वांत सरळ उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरला केवळ ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवणे. त्याने नेटवर्कांची विभागणी जाते हे खरे, पण अर्धवट विभागणीपेक्षा चालते घर बरे.

सबनेट आणि गेटवे

सेन्सरला हाताने पत्ता दिलेला असल्यास गेटवे (पलीकडच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) आणि सबनेट मास्क (आपल्या नेटवर्कची व्याप्ती सांगणारा आकडा) पुन्हा एकदा वाचावेत. गेटवे चुकला असेल तर स्वतःच्या नेटवर्कवर सेन्सर उत्तम चालतो, कारण तिथे गेटवे लागतच नाही. पलीकडच्या यंत्राला उत्तर देताना मात्र पॅकेट कुठे द्यावे हे त्याला कळत नाही. मास्क गरजेपेक्षा रुंद, म्हणजे २५५.२५५.०.० असा दिला असेल, तर १९२.१६८.१०.५ हे आपल्याच नेटवर्कवर आहे असे समजून सेन्सर ते तिथेच शोधत बसतो आणि गेटवेकडे वळत नाही. सेन्सर दुसऱ्या नेटवर्कवर हलवताना फाइलमधील पत्ता बदलला जातो आणि खालची गेटवेची ओळ तशीच राहते, हे वारंवार आढळते. याच कारणाने मी हाताने पत्ता देण्यापेक्षा राउटरमध्ये पत्ता राखून ठेवण्याच्या बाजूचा आहे: तिथे तिन्ही गोष्टी एकत्र आणि बरोबर जातात.

ब्रोकरची तपासणी

एमक्यूटीटी वापरत नसाल तर हा भाग सोडून द्यावा. वापरत असाल तर यात बराच वेळ वाचण्यासारखा आहे.

मॉस्किटो या ब्रोकरची २.० ही आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली आणि तिने एक महत्त्वाचा बदल केला: सेटिंगमध्ये ‘लिसनर’ (जोडण्या कोणत्या पोर्टवर ऐकायच्या हे सांगणारी ओळ) स्पष्ट लिहिलेला नसेल, तर ब्रोकर केवळ त्याच यंत्रावरील जोडण्या स्वीकारतो, आणि लिसनर लिहिला तरी नाव-पासवर्डाशिवाय कोणाला आत घेत नाही. त्यामुळे ब्रोकरच्याच यंत्रावर केलेली चाचणी यशस्वी होते आणि बाहेरचा एकही सेन्सर जोडला जात नाही. फाइलमध्ये पोर्ट १८८३ चा लिसनर आणि पासवर्डांच्या फाइलचा मार्ग लिहावा. निनावी प्रवेश उघडण्याचा सोपा मार्ग मोहात पाडतो, पण वेगळे नेटवर्क सुरक्षेसाठीच केले असेल तर तो घेऊ नये.

आर्डुइनोच्या पबसबक्लायंट या एमक्यूटीटी लायब्ररीवर लिहिलेले स्केच, म्हणजे बोर्डवरचा प्रोग्राम, असेल, तर जोडणी फसल्यावर ते जो आकडा छापते त्याकडे नीट पाहावे, कारण तो जवळजवळ निदानच सांगतो. उणे २ म्हणजे टीसीपी जोडणीच झाली नाही. दोष पत्ता, मार्ग, फायरवॉल किंवा लिसनर यांत आहे आणि पासवर्ड बदलून काहीही होणार नाही. ४ किंवा ५ म्हणजे सेन्सर ब्रोकरपर्यंत व्यवस्थित पोहोचला आणि ब्रोकरने त्याला ओळख पटली नाही म्हणून नाकारले. इथे फायरवॉलला हात लावण्याचे कारण नाही. उणे ४ म्हणजे ठरलेल्या वेळेत ब्रोकरचे उत्तर आले नाही.

जोडून-तुटण्याच्या चक्रामागे बहुधा दोनच कारणे असतात. पहिले, दोन बोर्डांना एकच क्लायंट आयडी दिलेला असणे. एकाच स्केचची प्रत दोन्हींवर चढवली की असे होते; दुसरा जोडला जाताच ब्रोकर पहिल्याला काढतो, पहिला परत येऊन दुसऱ्याला काढतो. दुसरे, स्केचमध्ये लांबलचक ‘डिले’ असणे. या लायब्ररीचा कीप-अलाइव्ह मुळात १५ सेकंदांचा आहे, आणि ब्रोकर त्याच्या दीडपट वेळ वाट पाहून जोडणी बंद करतो. लायब्ररीचे ‘लूप’ फंक्शन सतत बोलावले गेले नाही तर जिवंत असल्याची खूण पाठवलीच जात नाही, आणि एका मिनिटाचा डिले असलेला सेन्सर दर मिनिटाला तुटतो. डिलेऐवजी ‘मिलिस’ वापरून वेळ मोजावी.

संदेश दिसतात पण उपकरण तयार होत नाही, यावर याच लायब्ररीची आणखी एक मर्यादा तपासावी. तिचा बफर मुळात २५६ बाइटचा असतो, आणि होम असिस्टंटला उपकरणाची ओळख करून देणारा संदेश त्यापेक्षा सहज मोठा होतो. असा संदेश पाठवला जात नाही; फंक्शन केवळ ‘फॉल्स’ परत देते, आणि ते उत्तर कोणी तपासत नसल्यामुळे कळतही नाही. लहान असलेली मोजमापे मात्र जात राहतात. बफर वाढवावा, आणि ओळखीचा संदेश ‘रिटेन’ करून (ब्रोकरने जपून ठेवावा अशी खूण देऊन) पाठवावा, म्हणजे होम असिस्टंट पुन्हा सुरू झाल्यावरही तो त्याला मिळतो.

फायरवॉल आणि परतीचा मार्ग

इथवर सर्व ठीक निघाले तरच फायरवॉलकडे वळावे. होम असिस्टंटच्या यंत्रावरून, किंवा त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावरून, सेन्सरच्या पत्त्यावर पोर्ट ६०५३ उघडते का हे नेटकॅट या पोर्ट तपासणाऱ्या आज्ञेने पाहावे. एमक्यूटीटीसाठी उलट, सेन्सरच्या वाय-फायवर लॅपटॉप जोडून १९२.१६८.१०.५ वर १८८३ पाहावे. नुसते पिंग पुरेसे नाही, कारण पिंगला परवानगी आणि पोर्टला मनाई, किंवा याच्या उलट, हे दोन्ही शक्य आहे.

उत्तर काय येते यात बराच अर्थ असतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आले, तर पॅकेट पलीकडे पोहोचले आणि परतही आले; मार्ग ठीक आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. (काही फायरवॉल मुद्दाम असाच नकार पाठवतात, तेवढे ध्यानात ठेवावे.) बराच वेळ काहीच न होता ‘टाइम्ड आउट’ आले, तर पॅकेट वाटेत गिळले गेले आहे: फायरवॉलने टाकले असेल किंवा परतीचा मार्ग नसेल. ‘नो रूट टू होस्ट’ आले, तर बहुतेक वेळा तो पत्ताच त्या नेटवर्कवर सध्या नसतो.

नियम लिहिताना दिशा पुन्हा आठवावी. ईएसपीहोमसाठी होम असिस्टंटकडून सेन्सरांच्या नेटवर्ककडे ६०५३, फर्मवेअरसाठी ३२३२ व ८२६६. एमक्यूटीटीसाठी सेन्सरांकडून केवळ ब्रोकरच्या पत्त्याकडे १८८३. सेन्सरांच्या नेटवर्कला संपूर्ण घर खुले करणारा नियम लिहू नये, तात्पुरता म्हणूनही नाही, कारण असे नियम काढायचे राहून जातात. त्याचबरोबर, आधीच सुरू झालेल्या संवादाची उत्तरे परत येऊ देणारा ‘एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड’ नियम मनाईच्या नियमाच्या वर आहे का, हे पाहावे. तो खाली असेल तर होम असिस्टंटची हाक सेन्सरपर्यंत जाते, सेन्सर उत्तर देतो आणि ते उत्तर सीमेवर अडते.

होम असिस्टंटच्या यंत्राला दोन्ही नेटवर्कांत एकेक पत्ता देणे ही सोय अनेकांना आवडते. तिच्यातून एक खास त्रास उद्भवतो. सेन्सर १९२.१६८.१०.५ या पत्त्याला राउटरमार्फत हाक देतो, पण यंत्राकडे सेन्सरच्या नेटवर्कवर थेट पाय असल्याने उत्तर राउटरला टाळून सरळ जाते. राउटरची फायरवॉल संवादाची एकच बाजू पाहते आणि काही वेळाने तो अवैध ठरवून तोडते. अशा मांडणीत सेन्सरला ब्रोकरचा त्याच्याच नेटवर्कवरचा पत्ता द्यावा, किंवा दुसरा पाय काढून टाकावा.

बॅटरीवरचा सेन्सर याच जागी वेगळा विचार मागतो. ईएसपीहोमचा झोपलेला सेन्सर उठल्यावर एमडीएनएसने आपले अस्तित्व जाहीर करतो आणि ते ऐकून होम असिस्टंट लगेच त्याला जोडते. दुसऱ्या नेटवर्कवर ही घोषणा पोहोचत नाही; होम असिस्टंट आपल्या ठरलेल्या अंतराने प्रयत्न करत राहते, आणि तो प्रयत्न सेन्सर जागा असलेल्या काही सेकंदांत पडला तरच नोंद होते. अशा सेन्सरला एमक्यूटीटीवर नेणे आणि संदेश रिटेन करून पाठवणे हाच योग्य उपाय आहे. जागे राहण्याची वेळ वाढवून फक्त बॅटरी संपते.

दोन जागा व्हीपीएनने जोडलेल्या असतील तर

दोन्हीकडे राउटरचे मूळ नेटवर्क १९२.१६८.१.० हेच ठेवलेले असेल, तर इतर काहीही तपासण्याआधी एका बाजूचे बदलावे. दोन्हीकडे तेच पत्ते असताना यंत्र पलीकडचा पत्ता आपल्याकडेच शोधते आणि पॅकेट बोगद्यात शिरतच नाही.

वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये ‘अलाउड आयपीज’ ही यादी दुहेरी काम करते: कोणते पॅकेट त्या बाजूला पाठवायचे हेही ती ठरवते आणि त्या बाजूकडून आलेले कोणते स्वीकारायचे हेही. म्हणून केवळ पलीकडच्या वायरगार्ड यंत्राचा पत्ता पुरत नाही. सेन्सरांचे संपूर्ण सबनेट तिथे असावे लागते. वायरगार्ड राउटरऐवजी आतल्या एखाद्या यंत्रावर चालत असेल, तर पलीकडच्या सबनेटसाठी त्या यंत्राकडे जाणारा स्थिर मार्ग राउटरमध्ये लिहावा, नाहीतर उत्तर इंटरनेटच्या दिशेने जाऊन हरवते. नॅटच्या मागे असलेल्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवावा. तो नसेल तर काही काळ शांतता राहिल्यावर बाहेरून आत जाणारी वाट मिटते आणि ‘रात्री बंद, सकाळी चालू’ असा बिघाड दिसतो.

राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पल्ल्यातील असेल, तर सेवापुरवठादाराकडेच सामायिक नॅट आहे आणि बाहेरून आत येण्याची वाट आपल्या हातात नाही. अशा वेळी आतल्या बाजूने संवाद सुरू करणारी रचना करावी. कंटाळून ब्रोकरचे १८८३ पोर्ट इंटरनेटवर उघडे करू नये: त्यावरून नाव, पासवर्ड आणि मोजमापे सर्व उघड्या स्वरूपात जातात. एन्क्रिप्शन वापरत असाल तर सेन्सरला बरोबर वेळ मिळते का हेही पाहावे, कारण वेळ चुकीची असेल तर प्रमाणपत्र अवैध ठरते. त्यासाठी सेन्सरांच्या नेटवर्कवरून एनटीपी, म्हणजे यूडीपी १२३, मोकळे असावे लागते.

कुठे थांबावे

सेन्सरचा बोर्ड थेट घरगुती विजेवर चालत असेल, म्हणजे स्मार्ट प्लग, वीजमापक किंवा स्विचच्या मागचा रिले असेल, तर त्याला वीज चालू असताना यूएसबी-सिरीयल कधीही जोडू नये. अशा अनेक उपकरणांचा वीजपुरवठा मुख्य विजेपासून विलग केलेला नसतो; संपूर्ण बोर्ड, त्याच्या ग्राउंडसह, जिवंत तारेच्या व्होल्टेजवर असू शकतो, आणि त्यात संगणकच नव्हे तर जीवही जाऊ शकतो. बोर्ड गरम होत असेल, जळका वास येत असेल, रिले चटचट आवाज करत असेल किंवा स्विचबोर्डमध्ये काळे डाग दिसत असतील, तर मुख्य स्विच बंद करून परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाला बोलवावे. तिथे नेटवर्कची तपासणी पुढे रेटू नये.

नेटवर्कच्या बाजूनेही थांबण्याच्या जागा आहेत. राउटर किंवा स्विच आपल्या मालकीचा नसेल, कार्यालयाचा किंवा इमारतीचा सामायिक असेल, तर त्याचे नियम ज्याच्या जबाबदारीचे आहेत त्यालाच सांगावे. व्हीलॅन बदलताना स्विचचे व्यवस्थापनाचे पानच उघडेनासे झाले आणि सेटिंगची जुनी प्रत जवळ नसेल, तर फॅक्टरी रीसेट करण्याआधी जाणकाराला बोलवावे. रीसेटने घरातील सर्वच नेटवर्क जाते. धुराचा, गॅसगळतीचा किंवा आजारी माणसाच्या देखरेखीचा सेन्सर या साखळीवर अवलंबून असेल, तर नेटवर्कशिवाय स्वतंत्रपणे वाजणारे उपकरण आधी बसवावे आणि मग निवांत तपासणी करावी.

वरील सर्व करूनही ‘टाइम्ड आउट’ जात नसेल, तर राउटरच्या दोन्ही बाजूंना टीसीपीडम्प हे पॅकेट टिपणारे साधन लावून सेन्सरच्या पत्त्याची पॅकेट पाहणे एवढेच उरते: आत येणारे पॅकेट दिसते आणि बाहेर पडणारे दिसत नाही, तर दोष राउटरमध्ये, दोन्ही दिसतात आणि उत्तर येत नाही, तर दोष सेन्सरच्या गेटवेमध्ये. ही नोंद वाचता येत नसेल तर नेटवर्क तंत्रज्ञाला बोलवावे, आणि त्याच्या हाती पत्त्यांचा कागद, प्रत्येक सेन्सर एपीआयवर आहे की एमक्यूटीटीवर याची यादी, कोणत्या पोर्टला कोणते उत्तर आले याची टिपणे आणि फायरवॉलच्या सेटिंगची प्रत द्यावी.